मैनाच्या पायाखालची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. गाण्याबजावण्याची नव्हे हो, संत्र्याची. साध्या फळ्यांची आणि गंजलेल्या खिळ्यांची. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी गोड बोलावं असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. जे पाहिलं त्याची शिसारी अजून गेलेली नाही.

माझा जन्म मोर्शीच्या एका बागेतला. तिथं सुंदराबाई संत्री भरायची. दिवसभर कंबर मोडेस्तोवर वाकून भरायची, कारण पेट्या जमिनीवरच ठेवायच्या असं बागवानानं ठरवलं होतं, आणि तो स्वतः कधी वाकला नव्हता. तिची लेक मैना मॅट्रिक झाली आणि १९६२ साली अमरावतीच्या एका तंत्रशाळेत इंजिनिअरिंग शिकायला गेली. वर्गात ती एकटीच मुलगी. नापास झाली की परत येऊन आईशेजारी वाकायचं, एवढाच तिच्यापुढे दुसरा रस्ता होता.

पहिल्या दिवशी भगवंत सरांनी फळ्यावर लिहिलं : ‘लोखंड पकडणारा वाइस काम करणाऱ्याच्या कोपराइतका उंच असावा.’ कार्यशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर मैनाला दिलेला वाइस तिच्या छातीशी येत होता. टाचा उचलल्याशिवाय हात पोचेना, आणि टाचा उचलल्या की लोखंड घासायची कानस वाकडी चाले.

“सर, माह्यं कोपर तं खाली रायते,” मैना म्हणाली. “टेबलाचे पाय चार इंच कापले तं?”

“कोपर म्हंजे पोट्ट्यायचं कोपर,” सर म्हणाले. “तुह्यासाठी का सरकारी टेबल कापू?”

वर्ग खदखदून हसला. मग सगळ्यांनी फळ्यावरचं ते वाक्य सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं. हे मैनानं घरी जाऊन आईला सांगितलं, तेव्हा बागेतून घरी आणलेली मी तिथंच होते.

“हे घेऊन जाय,” सुंदराबाईनं मला उचलून तिच्या हातात दिलं. “उलटी ठेव अन् वर उभी राय. मजबूत हाये, म्या बसून पायलं.”

एसटीच्या टपावर बसून मी अमरावतीला आले. मैना माझ्यावर उभी राहिली आणि कानस सरळ चालू लागली. लोखंडाचा कीस माझ्या अंगावर पडायचा, तो मला आवडायचा. पण मधल्या सुट्टीत ही शिकलीसवरलेली मुलं माझ्यावर थुंकायची, ग्रीस फासायची. शी! परत आली की मैना मला पदरानं पुसायची. हीच मुलं पुढे पूल बांधणार होती, पाण्याचे नळ टाकणार होती.

परीक्षेच्या सकाळी उत्तम नावाच्या मुलानं भिंतीवरची करवत काढली आणि माझी मधली फळी खालच्या बाजूनं अर्धी कापली. टेबलाचे पाय कापायला ती करवत वर्षभर कोणाला दिसली नव्हती. सरांनी त्याला पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मित्रांनो, उत्तमपेक्षा त्या फिरवलेल्या तोंडाची मला जास्त किळस येते.

मैना चढली. फळी मोडली, ती पडली आणि वाइसवर आपटून तिचा तळहात फाटला.

“चला, झाली परीक्षा,” सर म्हणाले.

“घंटा व्हाची हाये, सर.”

तिनं हाताला रुमाल बांधला. हातोडा घेतला, माझ्या बाजूची एक फळी उपसून मध्ये ठोकली आणि पुन्हा चढली. घंटा झाली तेव्हा तिनं घासलेले लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसले की मधून उजेडही जाईना. सरांनी ते खिडकीशी धरून तीनदा पाहिले. नापास करायला जागाच नव्हती. मैना पास झाली आणि पुढे अकोल्याला नोकरीला लागली; मी शाळेतच राहिले.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढच्या वर्षी एक मोठे साहेब शाळा पाहायला येणार होते. सरांनी मला हिरवा रंग दिला, वर ‘मुलींची सोय’ असं लिहिलं आणि दाराशी मांडलं. साहेब खूश झाले. त्यांनी सरांची पाठ थोपटली. साहेब गेल्यावर मला कपाटावर चढवलं, त्याला आता दोन वर्षं झाली.

यंदा पातूरची कौशल्या शिकायला आली आहे. तिलाही कोपऱ्यातलंच टेबल दिलंय. काल तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

“सर, ते पेटी घेऊ काय?”

“अवं, ते दाखवाची हाये. खराब होईन ना!”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला मुळीच जपू नका. माझ्या फळ्या फोडा, चुलीत घाला, वर चहा ठेवा. पण आधी कार्यशाळेत जा. कौशल्या आत्ताही टाचा उचलून उभी आहे, आणि करवत तिच्यासमोरच भिंतीला टांगलेली आहे.