घाटघरला पाठवलेले चाकू

झमकूबाईने पेटी उलटी केली आणि सगळे चाकू हिरड्याच्या रिकाम्या पाटीत ओतले.

"अगं, हळू," नेमीचंद म्हणाला. "मुठी जुन्या आहेत त्यांच्या."

"मुठी राहू देत. तुमची मान राहिली पाहिजे."

पाटीपाशी बायडाबाई उकिडवी बसली होती. ती आणि तिचा नवरा कुशाबा घाटघरहून जुन्नरच्या बाजाराला हिरडा घेऊन येत आणि नेमीचंदच्या दुकानात घालत. आजचा माल घालून झाला होता, मीठमिरची बांधून दोघं निघायच्या बेतात होती. तेवढ्यात एक शिपाई सांगून गेला, की फौजदारसाहेब उद्या सकाळी शेठजींच्या घरी येणार आहेत. कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं. चाकूंचं काहीतरी विचारत होते, एवढंच तो म्हणाला.

नाशकात कलेक्टरसाहेबाचा खून झाल्यापासून गावोगाव झडत्या चालल्या होत्या. कुणाच्या घरातून तलवार निघाली, कुणाच्या घरातून नुसतीच कागदपत्रं, आणि माणसं पुण्याला नेली गेली, अशा बातम्या पेठेत रोज येत. नेमीचंदकडे तलवार नव्हती. त्याच्याकडे खिशात मावणारे, घडी होणारे जुने चाकू होते. जत्रेत, बाजारात, पेन्शनीत निघालेल्या शिपायांकडून त्याने ते एकेक करून मिळवले होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ते पुसायचा, तेल द्यायचा, दगडावर पाती लावायचा आणि परत पेटीत ठेवायचा. फार तर बोरू तासायचा, गाठोड्याची सुतळी कापायची, आंबा चिरायचा. कांद्याबटाट्यासारखा कंद त्याच्या घरात कधी आला नव्हता, मग कापायचा प्रश्नच नव्हता. जैनाच्या घरात ही शस्त्रं कशाला, असं झमकूबाई लग्न झाल्यापासून विचारत आली होती. आवडतात, एवढंच तो म्हणायचा.

बायडाबाईने चाकूंवर फडकं टाकलं, त्यावर मिठाचं गाठोडं ठेवलं आणि पाटी डोक्यावर घेतली.

"काळजी करू नगा, शेट. आमच्या कोंबडीलाबी कळू द्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी फौजदार आला तो एकटाच. वय फार नव्हतं. ओट्यावर बूट काढून तो बैठकीत आला, गादीच्या कडेला बसला आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. दाराआड झमकूबाईच्या बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

"शेठजी, तुमच्याकडे जुने चाकू आहेत असं ऐकलं."

नेमीचंदने नाही म्हणायचं ठरवलं होतं. पहाटेपासून तो ते मनाशी घोकत होता. पण जीभ वळली नाही.

"होते," तो म्हणाला.

"होते म्हणजे?"

"घाटघरला गेले."

"अरेरे," फौजदार म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच पडला. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक चाकू काढून गादीवर ठेवला. शिंगाच्या मुठीचा, विलायती. "वडिलांचा आहे. पलटणीत होते. आंबा चिरायला दुसरा चाकू हातात धरायचे नाहीत. गेल्या साली ते गेले, आणि आता पातं ताणून धरणारी ही कमान तुटली. पातं उघडं राहत नाही. पुण्यात दाखवला, तर म्हणतात नवा घ्या. नवा काय घ्या!" तो जरा थांबला. "तुम्हाला ह्यातलं कळतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आलो."

नेमीचंदने चाकू उचलला. त्याने पातं उघडलं, मिटलं, पाठीवरच्या कमानीवरून अंगठा फिरवला.

"ह्याच बनावटीच्या दुसऱ्या चाकूची कमान बसेल. घाटघरला गेलेल्यांत एक आहे. देतो करून."

"खर्च किती येईल?"

"ते राहू द्या, साहेब."

चाकू ठेवून फौजदार गेला. झमकूबाई बाहेर आली, उंबऱ्यातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती थांबेना. नेमीचंद तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला.

दुसऱ्या सकाळी नेमीचंद घाटघरला निघाला तेव्हा मात्र त्याला आपण दिलेल्या शब्दाची जाणीव झाली. तशा बनावटीचा त्याच्याकडे एकच चाकू होता. घोडेगावच्या जत्रेत घेतलेला, सगळ्यांत पहिला. त्याची कमान काढायची म्हणजे धडधाकट चाकू मोडायचा. चावंडच्या पायथ्यापर्यंत तो गाडीने गेला. पुढे पायी चालताना तो दोनदा थांबला. दुसरा काही उपाय सुचतो का पाहिला. सुचला नाही.

कुशाबाच्या घरी पाटी रिकामी होती.

"समदं एका जागी ठिवलं आन् कुनी बगितलं, तर हत्यारं म्हनायचे," कुशाबा म्हणाला. "म्हून घरटी एक वाटला. कामातल्या चाकूला कोन काय म्हनतंय?"

"भ्यायचं कारण नाही आता. फौजदार भला माणूस निघाला." मग नेमीचंदने चाकू दुरुस्तीची गोष्ट सांगितली. कुशाबा मांडीवर थाप मारून हसला.

"मंग करू का गोळा?"

"आधी बघू तर दे."

दोघं घरोघर फिरले. एका अंगणात एक म्हातारा नेमीचंदच्या चाकूने टोपलीसाठी बांबूच्या कामट्या काढत होता. पातं सरसर चाललं होतं. दुसऱ्या घरापुढे एक बाई शेळीच्या खुरात रुतलेला खडा काढत होती. चाकूच्या पाठीला जो आकडा होता, तो खुरासाठीच असतो हे नेमीचंदला माहीत होतं, पण त्या कामी लागलेला त्याने तो कधी पाहिला नव्हता. खडा निघून शेळी उड्या मारत जाईपर्यंत तो उकिडवा बसून पाहत राहिला. परत मागायचं त्याला सुचलंच नाही.

घोडेगावचा चाकू मात्र कुठे दिसेना.

शेवटचं घर साळुबाईचं, कुशाबाच्या चुलतीचं. एकटीच राहायची. दार लोटलेलं होतं.

"काकी, शेट आल्याती," कुशाबाने हाक मारली.

"म्या घरात न्हाई," आतून आवाज आला.

कुशाबाने नेमीचंदकडे पाहिलं. थोड्या वेळाने दार उघडलं. साळुबाईने नेमीचंदपुढे जमिनीवर एक फडकं ठेवलं आणि हात जोडून मागे सरली. फडक्यात घोडेगावचा चाकू होता. पातं मधोमध मोडलेलं. उरलेला तुकडाही तिने धुऊन पुसून शेजारी ठेवला होता.

"फनस फोडाया गेले, शेट. इपरीत झालं. तवाधरनं घास उतरंना. मोटी मानसं तुमी, आता काय करायचं त्ये करा."

नेमीचंदने चाकू उचलून कमान दाबून पाहिली. ती जशीच्या तशी होती, घट्ट. तो मोठ्याने हसला. साळुबाई आणखी एक पाऊल मागे सरकली.

"काकी, बसा. आधी खाली बसा," तो घाईने म्हणाला. "मला हीच कमान हवी होती. त्यासाठी हा मोडावा लागणार म्हणून वाटभर जीव तुटत होता. माझा हात धजला नसता."

"मंजी?"

"म्हणजे माझं काम तुम्ही केलंत."

खरं की काय, अशा नजरेने तिने कुशाबाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तशी ती दाराच्या चौकटीला पाठ लावून हळूहळू खाली बसली.

"आन् मी त्या फनसाला नको नको त्या शिव्या दिल्या की वो."

"बाकीचे गोळा करू का, शेट?" कुशाबाने पुन्हा विचारलं.

नेमीचंदने खालच्या अंगणाकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या कामट्यांचा ढीग वाढला होता.

"असू देत," तो म्हणाला. "अधूनमधून येत जाईन तेल द्यायला."

ऊन अजून उतरलं नव्हतं. साळुबाई आत गेली आणि अर्धा फणस उचलून घेऊन आली. त्याचे गरे काढायला चाकूच उरला नाही हे तिच्या बाहेर आल्यावर ध्यानात आलं. तिने बोटांना तेल चोळलं आणि पहिला गरा ओढून काढून नेमीचंदपुढे धरला.

"हातानंबी निगत्यात," ती म्हणाली. "खा."