सलकाचं कडं

यहदीहनं गिटारच्या प्रोसेसरची वायर तिसऱ्यांदा उपसली, फुंकर मारून पुन्हा खोचली आणि स्पीकरला कान लावला. सुरसुर तशीच. गिटारचा आवाज शून्यावर आणला तरी ती मागे चालूच, शेजारी कुणी मासे तळत बसल्यासारखी.

मंडपाबाहेर गल्लीतल्या वाळूत जनरेटर धडधडत होता. त्याच्या एकाच वायरीवर दिवे, पंखे, माईक आणि यहदीहचा प्रोसेसर लटकलेला. त्यानं आपला प्लग वेगळ्या वायरीवर नेला, आवाज फुगवणारं गेनचं बटण निम्म्यावर आणलं. फरक पडला, पण थोडाच, आणि थोड्यानं त्याचं भागणार नव्हतं. मागच्या लग्नात लोकांनी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग सगळ्या नुआक्शोत शहरभर फिरलं होतं आणि त्यात गाण्यापेक्षा ही सुरसुरच जास्त होती. तेव्हापासून बाजारातले टवाळ त्याला ‘तळणवाला’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्यांचं गवयी घराणं, आणि पदरी हे नाव.

शेवटी त्यानं प्रोसेसरमधलं नॉइज गेट शोधून काढलं. ते एक दारच असतं. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की आपोआप बंद होतं. त्यानं ती पातळी वाढवली. सुरसुर मंदावली. आणखी वाढवली, तसा स्पीकर मुका झाला. त्यानं तारांवर करकचून हात मारला, गिटार झणाणली. हात उचलला, चिडीचूप.

“आत्या, ऐक!”

“काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही,” तक्बर आत्या म्हणाली. ती मांडीवर आर्दिन, गाणाऱ्या बायकांची वीणा, घेऊन तारा लावत होती.

“तेच तर म्हणतोय!”

“एकदा हळू वाजवून बघ की मेल्या. का सगळं ढोल बडवल्यासारखंच वाजवणार आहेस?”

“तू तुझ्या तारा बघ,” यहदीह म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आता कोण कुणाचं ऐकतंय.

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली आणि मंडप भरला. पुढच्या चटयांवर नवरीकडच्या बायका बसल्या, मोठ्या घरच्या, हातात फोन सरसावलेल्या. नवऱ्या मुलाची आई सलका मागे उभी होती. बाजारात कुसकुस विकून तिनं मुलाला वाढवलं होतं. आज या बायकांनी नाक मुरडू नये, एवढंच तिला हवं होतं.

रीत अशी की आधी गिटार एकटीच, अगदी हलक्या बोटांनी, सूर चाचपते आणि त्यावर गाणारीण आपला आवाज उचलते. आत्यानं डोळे मिटले. यहदीहनं तारा चाळवल्या. स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा चाळवल्या. इतक्या हलक्या आवाजाला ते दार उघडतच नव्हतं.

एक बटण फिरवलं की काम झालं असतं. पण समोर दहा-बारा फोन रोखलेले. आता खाली वाकून बटणं चाचपायची, म्हणजे उद्या बाजारात पुन्हा हसं. तो तारांवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

गवयी असा गप्प बसला की त्याचा अर्थ तिथं शेंबड्या पोरालाही कळतो. यजमानाचा हात आखडला, म्हणून याची बोटं आखडली.

“मुलाकडच्यांनी बिदागीत हात राखला वाटतं,” नवरीची काकू म्हणाली, आणि मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

सलका पुढे आली. तिच्या हातात चांदीचं जुनं कडं होतं, तिच्या आईचं. ते निघेना. तिनं ओढून काढलं, तेव्हा मनगट लाल झालं. कडं तिनं यहदीहच्या गुडघ्याशी ठेवलं.

“आता वाजव, बाबा.”

‘मावशी, चूक यंत्राची आहे, तुझी नाही.’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोरचे फोन अजून तसेच रोखलेले. कडं उचलायला वाकल्यासारखं करून त्यानं बटण फिरवलं. गिटार बोलू लागली, बायकांनी आरोळ्या ठोकल्या. कडं पडलं आणि सूर निघाला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मागे सुरसुर होती, पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. यहदीह वाजवत राहिला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सलकाच्या दारात उभा राहिला. ती चहा या ग्लासातून त्या ग्लासात ओतत फेस काढत होती. त्यानं कडं तिच्यापुढे ठेवलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. यंत्र, दार, फोन, आपलं भित्रं तोंड, काहीच लपवलं नाही.

सलकानं हातातला ग्लास खाली ठेवला.

“म्हणजे मी उगाच दिलं?”

“हो, मावशी.”

“आणखी कुणाला सांगितलंस?”

“नाही. पण सांगणार आहे. सगळ्यांना.”

“खबरदार!” तिनं कडं उचलून त्याच्या मुठीत कोंबलं. “उजाडल्यापासून बायकांची रीघ लागलीय. सलकानं आईचं कडं उतरवून दिलं म्हणतात. आजवर मला कुणी विचारत नव्हतं. आणि तू सांगणार, की बाईनं एका बिघडलेल्या डब्यापुढे कडं टाकलं?”

“मग मी काय करू?”

“ते मला नको विचारू.”

तेवढ्यात नवरीची काकू खजुराचं ताट घेऊन आत आली. यहदीहला पाहून थबकली.

“काय रे, कडं बघितल्यावरच बोटं हलली का तुझी?”

सलका ग्लासात चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही.

“हो,” यहदीह म्हणाला. “त्याहून कमीत वाजवलं नसतं मी.”

“लाज नाही तुम्हा लोकांना!” काकू म्हणाली. मग ताट खाली ठेवून ती सलकाला अगदी खेटून बसली, आणि तिचा रिकामा हात तिनं आपल्या हातात घेतला.

सलकानं दुसऱ्या हातानं पहिला ग्लास काकूला दिला. नंतरचा यहदीहपुढे सरकवला. त्यानं तो उचलला आणि मुकाट्यानं पिऊन टाकला.