जुन्या कंपायलरची पाठवणी

ऑफिसात त्याला सगळे टापटीप म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे. कानाच्या मशीनमध्ये चालणारे प्रोग्राम लिहिणारी ती लहानशी कंपनी. लिहिणारे पाच जण, पण त्यांनी लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवण्याचं काम कोपऱ्यातला एकच कम्प्युटर करायचा. त्याची देखभाल मावशींकडे होती. मावशी नात्यातल्या कुणाच्याच नव्हत्या. वीस वर्षं तिथं काम करून सगळ्यांच्याच झाल्या होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि कम्प्युटर टापटीपच्या ताब्यात आला.

पहिल्याच सोमवारी त्याला दिसलं, की हे उतरवून देणारा कंपायलर दोनदा भरलेला आहे, एक जुना, एक नवा. शेजारी 'आधी वाचा' नावाची फाइल होती. तीन वर्षांपूर्वीची. ती त्यानं कचरा म्हणून सगळ्यात आधी काढली. मग काळ्या पडद्यावर जुना कंपायलर उडवण्याची आज्ञा टाइप केली. कम्प्युटर मर्यादेनं वागणारा. त्यानं विचारलं, याच्यासोबत या एकेचाळीस गोष्टीही जातील, चालेल? खाली पडदाभर नावं. टापटीपनं यादीवरून नजर फिरवली, न फिरवल्यासारखी, आणि होकाराचं अक्षर दाबलं. डिस्कवर बरीच जागा झाली. त्यानं तसं साहेबांना कळवलं, साहेबांनी शाबासकी दिली.

बुधवारी हात दाखवून अवलक्षण झालं. फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं, ही तक्रार लिहिणाऱ्यांतल्या एका मुलीनं आठवडाभर खपून सोडवली होती. गुरुवारी सकाळी कानाचे डॉक्टर ते मशीन पेशंटला बसवणार होते. दुपारी तिनं प्रोग्राम कम्प्युटरला दिला आणि उत्तर आलं, कंपायलर सापडत नाही. टापटीपनं नव्याला कामाला लावलं. त्यानं अकराशे चुका काढल्या. जुना पुन्हा मागवावा, तर इंटरनेटवरच्या ज्या साठ्यातून तो यायचा तिथून तो केव्हाच बाद झालेला. चार वाजता त्यानं मावशींना फोन केला. आवाज एवढा बारीक, की मावशींना दोनदा विचारावं लागलं, कोण बोलतंय.

त्या तासाभरात आल्या, पिशवीत जुनी हार्ड डिस्क घेऊन.

"यादी वाचली होतीस?" त्यांनी खुर्ची ओढत विचारलं.

"नाही."

"आणि माझी फाइल?"

"ती मी आधीच काढली, मावशी."

मावशींनी पिशवीतली डिस्क काढून कम्प्युटरला जोडली.

मग उडालेल्या एकेचाळिसांतली एकेक गोष्ट परत बसू लागली. एकाला बोलवावं, तर तो म्हणे माझा साडू आल्याशिवाय मी बसणार नाही. साडू आला, तर त्याला त्याचा मेव्हणा हवा. टापटीपचे नाकी नऊ आले. मावशी मात्र प्रत्येक ओळ पडद्यावरून वाचून मगच पुढची टाइप करत होत्या. सहाला प्रोग्राम तयार झाला. मुलीनं मशीन कानात घालून वर फोन धरला. शिट्टी आली नाही. कम्प्युटरची डिस्क मात्र सोमवारच्या सफाईआधी होती त्याहूनही भरली, कारण मावशींनी खबरदारी म्हणून सगळ्याची एक प्रत तिथंच ठेवली.

तेवढ्यात साहेब आले. मावशींना बघून खूश झाले, आणि टापटीपच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, याच्यासारखी शिस्त सगळ्यांना हवी.

"साहेब, आजची सगळी धावपळ माझ्यामुळं झाली," टापटीप म्हणाला. "मी न वाचता काढलं."

साहेबांना तो विनय वाटला. त्यांनी तिथल्या तिथं उरलेल्या सहा कम्प्युटरांची सफाईही त्याच्याकडे सोपवली. मावशींनी पिशवी उचलली आणि हसू लपवायला खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या कम्प्युटरपुढं बसला. दोनशे बारा नावं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची सतरा वाचून झाली होती आणि काढलं काहीच नव्हतं.