ऊन पडेपर्यंतचा मफलर

मित्रांनो, मी एक जुना मफलर आहे. मला पाहून हसू आले तर खुशाल हसा, मला सवय आहे. माझी एक कड सरळ जाते आणि दुसरी वळणे घेत घेत कशीबशी शेवटाला पोचते. एके काळी माझा रंग पिकल्या लिंबासारखा पिवळाधमक होता. आता धुऊन धुऊन तो सायीच्या रंगावर आला आहे. माझ्यासारखा मफलर तुम्हाला कोणत्याही दुकानात मिळणार नाही, कारण असा मफलर विकायला ठेवण्याची हिंमत कोणी करणार नाही. ज्यांनी मला विणले, त्यांनी त्याआधी उभ्या आयुष्यात एक टाका घातला नव्हता. तरी त्यांनी मला चार दिवसांत पुरे केले. त्यांना घाई होती. ती कशाची, ते ऐका.

त्यांचे सलून होते. एक मोठा आरसा, दोन खुर्च्या, टॉवेल अडकवायला खुंट्यांची रांग आणि रस्त्याकडे उघडणारे काचेचे दार. त्यांचा हात इतका हलका की दाढी करता करता गिऱ्हाइकाला डुलकी लागायची. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मुलगी बालवर्गाला शिकवायची. लहानपणी ती सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत बोलत असे. म्हणून बाबांनी तिचे नाव टकळी ठेवले होते. टकळी म्हणजे सूत कातायची चाती, एकदा फिरू लागली की थांबायचे नाव घेत नाही. पुढे ती शाळेत बाई झाली, पण घरात टकळीची टकळीच राहिली.

या टकळीच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झाले, गाठ साधी निघाली, घरच्यांच्या जिवात जीव आला. पण गळ्यावर आडवा लाल व्रण राहिला आणि आवाज घोगरा झाला. आवाज हळूहळू सुधारेल, शाळेत जायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाले. टकळी मात्र घराबाहेर पाऊल टाकीना. ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळायची आणि ती घसरायची. मग तिने ओढणीला पिन लावली. ती पिन नेमकी ओल्या व्रणाशेजारी टोचली. ओठ घट्ट मिटून ती आरशासमोर उभी राहिली, आणि दारातून बाबांनी ते पाहिले. बाजारातून त्यांनी एक मफलर आणून दिला. तो तिला खरखरीत लागला.

"सोमवारी शाळा सुरू होतेय," बाबा म्हणाले.

"मी जाणार नाही. पोरं घाबरतील. मी राजीनामा पाठवते," टकळी म्हणाली. एवढे बोलताना तिचा आवाज दोनदा अडकला.

त्याच दुपारी बाबा लोकरीच्या दुकानात आले. तेव्हा मी मफलर नव्हतो. मी जाड, मऊ लोकरीचे तीन गुंडे होतो आणि फळीवर धूळ खात पडलो होतो. दुकान बाबांच्या ओळखीच्या एक मावशी चालवत. बाबांनी एकेक गुंडा उचलला, स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला आणि मला खाली ठेवलेच नाही.

"मावशी, याचा मफलर तयार मिळेल का?"

"मी लोकर विकते, दादा. मफलर तुमचा तुम्ही करायचा."

"मला येत नाही."

"मग शिका. लोकर जाड, सुई जाड, म्हणजे काम भराभर होतं. नवशिक्याला हेच बरं." असे म्हणून त्यांनी अंगठ्याएवढी जाड, टोकाला आकडा असलेली लाकडी सुई पुढे केली. "कापायचा हात आहे ना तुमचा? आता जोडून बघा."

दुकानातल्या बाकावर बसूनच बाबांचा पहिला धडा झाला. आधी सरकती गाठ. मग गाठीतून लोकर ओढायची की झाली एक साखळी, तिच्यातून पुन्हा ओढायची की दुसरी. बाबांनी सुई वस्तऱ्यासारखी धरली होती. त्यांची साखळी एवढी आवळ झाली की सुई आत शिरेना.

"गळा आवळताय की काय तिचा?" मावशी म्हणाल्या. "सैल सोडा. लोकर पळून जात नाही."

साखळी जमली तसा खांब आला. खांब म्हणजे उभा टाका. सुईवर एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालायची, लोकर बाहेर ओढायची, मग दोन-दोन फासे मिळून दोनदा सोडवायचे. खांबाशेजारी खांब असे कुंपण उभे राहत जाते. बाबा ते पुटपुटत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून सलूनमध्ये घेऊन आले. घरी विणायचे नव्हते, टकळीला कळले असते.

मग काय विचारता. एक गिऱ्हाईक खुर्चीतून उठले की दुसरे बसेपर्यंत माझे दोन खांब व्हायचे. साबणाचे हात पुसून बाबा सुई घ्यायचे. रोज फुकट पेपर वाचायला येणारे एक काका होते. ते पेपरच्या वरून डोकावले.

"काय हो, केस कापून पोट भरेना म्हणून हे?"

"तुमचं टक्कल झाकायला करतोय," बाबा म्हणाले. सगळे सलून हसले, आणि काकाही हसले.

पण माझे काही खरे नव्हते. मी सुरुवातीला वीतभर रुंद होतो, आणि ओळ वाढेल तसा बारीक होत चाललो होतो. बाबा मला घेऊन मावशींकडे गेले. मावशींनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले.

"हे मफलर आहे की गाजर?"

बाबा खाली पाहू लागले. मावशींचा आवाज मग मऊ झाला. "सगळ्यांचं असंच होतं, दादा. ओळ संपली की वर चढायला तीन साखळ्या घालता ना, त्या तीन मिळून पुढच्या ओळीचा पहिला खांब. परत येताना तुम्ही त्याला खांब मानतच नाही. त्याच्या डोक्यात टाका घालायचा राहतो. दर ओळीला एक माणूस पंगतीतून उठवलात, तर पंगत लहान होणारच. उसवा."

मित्रांनो, उसवणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते. एक दोरा ओढला आणि दोन दिवसांचा मी सरसर विरघळलो. दुखले नाही. पण बाबांचा चेहरा मला दिसत होता. शनिवार उजाडला होता. मावशी म्हणाल्या, "त्या पहिल्या खांबाला काहीतरी खूण अडकवा." बाबांनी सलूनमधला केसांचा चिमटा काढला आणि दर ओळीला तो साखळीच्या डोक्यावर लावू लागले. तेव्हापासून माझी एक कड सरळ आहे. दुसऱ्या कडेला मात्र ते कधी एक टाका जास्त घालत, कधी कमी, आणि पुढच्या ओळीत सावरून घेत. उसवायला आता वेळ नव्हता.

रविवारी संध्याकाळी त्यांनी मला टकळीच्या मांडीवर ठेवले. "मऊ आहे. घसरणार नाही."

टकळीने मला हात लावला नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही ते बघवत नाही."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

बाबा स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचे आधण ठेवू लागले. मी तसाच तिच्या मांडीवर पडून होतो. जन्माला येऊन तासही झाला नव्हता आणि मी नकोसा झालो होतो. थोड्या वेळाने तिने मला बाजूला सारायला उचलले, आणि तिच्या बोटाला काहीतरी कडक लागले. शेवटच्या ओळीत केसांचा चिमटा तसाच राहून गेला होता. तिने तो काढून उजेडात धरला.

"बाबा, हे तुम्ही विणलंत?"

"हो," आतून आवाज आला.

"सलूनमध्ये बसून? लोकांच्या देखत?"

"मग कुठे?"

"हसलं नाही कुणी?"

"हसले की. एक-दोन दिवस हसले. मग विचारायला लागले, किती झाला म्हणून."

टकळीने मला गळ्याभोवती एक वेढा दिला आणि दुसरा वेढा देताना माझ्यात नाक खुपसले. तिचे डोळे ओले होते. ते मलाच ठाऊक, कारण ते मीच टिपले.

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. पोरांनी तिच्या गळ्याकडे पाहिलेच नाही, त्यांना माझे वेड लागले. माझ्या मोठमोठ्या टाक्यांत बोटे घालून बसायला त्यांना फार आवडायचे. "बाई, तुमचा मफलर वाकडा आहे," एक जण म्हणाला. "माझ्या बाबांनी केलाय," टकळी घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान झाले. शिक्षकांच्या खोलीतही माझे कौतुक झाले. खरे सांगतो, मी फुगून गेलो होतो. मला वाटे, आपल्यावाचून हिचे पान हलत नाही.

आणि तेच झाले. थंडी सरली, झाडांना पाने आली, लोक अर्ध्या बाह्यांवर आले, तरी टकळी मला सोडीना. वर्गात पंखा सुरू आणि गळ्यात जाड लोकर. मी घामाने ओला व्हायचो, तिच्या मानेवर पुरळ उठले. रात्री बाबा तिला मलम देत आणि माझ्याकडे असे पाहत, जणू मी त्यांचे काही चोरले आहे. मला राग येई. मी काय केले होते? मला ज्यासाठी केले, तेच मी करत होतो.

एका सुटीच्या दिवशी टकळी बाबांचा डबा घेऊन सलूनमध्ये आली. गर्दी होती, म्हणून बाकावर बसून राहिली. समोर आरसा होता. एकेक गिऱ्हाईक येई, खुर्चीत टेके आणि मान मागे टाकून अख्खा गळा उघडा करी. एकाच्या हनुवटीखाली भाजल्याचा चट्टा होता. एकाच्या मानेवर टाक्यांची जुनी शिडी होती. पेपरवाल्या काकांच्या गळ्यावर तर केवढा तरी खड्डा होता, तो एरवी कॉलरखाली जाई. बाबांचा वस्तरा त्या प्रत्येक जागी जरा थांबे, वळसा घेई आणि पुढे जाई. टकळी हे सारे पाहत होती. गर्दी पांगल्यावर ती म्हणाली,

"बाबा, किती जणांच्या गळ्यावर काही ना काही असतं."

"ज्याच्या गळ्यावर काहीच नाही असा मोठा माणूस या खुर्चीत क्वचितच बसलाय," बाबा वस्तरा पुसत म्हणाले. "बाळ, मफलर दिला तेव्हा तू म्हणालीस ते खरं होतं. मला बघवत नव्हतं. जखम ताजी होती, आणि ती तुझी होती. पण आता ती जखम राहिलेली नाही. भरलीये ती. भरल्यावर जे उरतं ते बघायला मला काही होत नाही."

टकळी उठली. आरशासमोर उभी राहून तिने मला गळ्यातून काढले आणि टॉवेलांच्या शेजारी खुंटीला अडकवले. मग ती बाबांबरोबर जेवली. आणि जाताना मला तिथेच विसरून गेली.

मी वाट पाहिली. उद्या येईल, परवा येईल. ती आली, पण मला न्यायला नाही. बाबांना काही सांगायला आली होती.

"पोरांनी विचारलं, बाई हे काय? मी म्हटलं, इथून डॉक्टरांनी गाठ काढली. तर एकाने लगेच गुडघा दाखवला, सायकलवरून पडलेला. मग दुसरीने कोपर. मग काय, रांगच लागली. एकाकडे दाखवायला काहीच नव्हतं, तो रडायला लागला. मग त्याला डासाचा चावा शोधून दिला..."

ती बोलतच राहिली. आवाज अजून घोगराच होता. बाबांच्या हातातली कात्री थांबली होती आणि गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी ऐकत बसले होते. खुंटीवर लटकून मीही ऐकत होतो. त्या दिवशी माझा राग गेला, तो कायमचा.

पुढे मी घरी आलो, पण थंडीपुरता. उन्हाळ्यात माझी रवानगी कपाटात. एका वर्षी कसरीने माझी एक बाजू खाल्ली, तेव्हा बाबांनी त्याच जाड सुईने ती पुन्हा विणली. त्यांचा हात आता बराच सुधारला होता, त्यामुळे माझा तेवढाच भाग सुबक आहे.

या हिवाळ्यात टकळी नेहमीच्या तपासणीसाठी इस्पितळात गेली. मी तिच्या गळ्यात होतो, बाबा शेजारी. समोरच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. कोटाची कॉलर तिने हाताने गळ्याशी धरून ठेवली होती. खिडकीतून वारा येत होता, तरी हात हलत नव्हता. टकळी तिच्याकडे पाहत राहिली. मग उठून तिच्याजवळ गेली, मला काढले आणि तिच्या हातात दिले.

"घ्या. टोचत नाही."

बाईने आधी मला पाहिले, मग टकळीचा उघडा गळा. तिथे आता फिकट, बारीकशी रेघ होती.

"कड वाकडी आहे हो त्याची," बाबा तिकडून संकोचाने म्हणाले. "दुसरा चांगला करून देतो."

"नको," ती बाई म्हणाली. तिने मला गळ्याभोवती घेतले तेव्हा कॉलर धरलेला हात सुटला. "हाच राहू दे."

"थंडी आहे तोवर वापरा," टकळी म्हणाली. "ऊन पडलं की काढायचा मात्र."

मित्रांनो, आता मी त्या बाईकडे असतो. मला कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सपाट पसरून सावलीत वाळवा, एवढे केलेत की आम्ही लोकरीची माणसे पुष्कळ वर्षे टिकतो. आणि कोणी घाईघाईने, चुकतमाकत तुमच्यासाठी काही केले, तर त्याची वाकडी कड मोजत बसू नका. त्याची ऊब घ्या. ऊब घेऊन झाली की ती वस्तू सोडायलाही शिका. टाकून देऊ नका, पुढे द्या.

इकडे अजून थंडी आहे. ती बाई मला घट्ट धरून असते, आणि मीही तिला.