आधाराविना अडीच मीटर

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता रोबोट पडला. त्याला कोणी ढकललं नव्हतं, जवळपास कोणी शिंकलंही नव्हतं. अडीच मीटरच्या पूर्ण उंचीवर तो चारेक सेकंद उभा राहिला, मग विचार करून ठरवल्यासारखा कलला आणि हत्यारांच्या कपाटावर आडवा झाला. स्पर्धा शनिवारी होती.

नोंदवहीत सरांनी लिहिलं, ‘यंत्राने कपाटाचा आधार घेतला.’ सर शाळेत यंत्रकाम शिकवत आणि रोबोटचा संघ सांभाळत. ‘पडला’ हा शब्द त्यांनी गुणपत्रिकांसाठी राखून ठेवला होता.

रोबोटची लिफ्ट, म्हणजे वर सरकणारा मनोरा, पट्टीने आखला होता. पट्टी सोळा वर्षांची. खिशात सदैव स्टीलची मोजपट्टी असायची म्हणून तिचं हे नाव पडलं, आणि आता तर हजेरीलाही सर तेच घेत. तिचा मनोरा म्हणजे एकात एक बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे सहा खांब, कप्प्यांवरून फिरणारी एकच दोरी आणि ती गुंडाळणारी मोटर. सुरुवातीला सगळं पंचेचाळीस सेंटीमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे हा स्पर्धेचा नियम. पुढे रिंगणात उभ्या केलेल्या दांड्यांवर रोबोटने कड्या अडकवायच्या. सगळ्यात उंच दांडा एकशे दहा सेंटीमीटर.

मग अडीच मीटर कशाला, हा प्रश्न पट्टीने दोनदा विचारला होता. उत्तर प्राचार्यबाईंच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं. गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा फोटो. त्यात रस्त्यापलीकडच्या शाळेचा रोबोट मान ताठ करून उभा होता आणि त्याच्या मागे यांच्या रोबोटची फक्त एक वायर दिसत होती. त्या वर्षी यांचा चौथा नंबर आला होता, पलीकडच्यांचा नववा. पण नंबर फोटोत दिसत नाही. बाईंनी बैठक बोलावली आणि ठराव झाला: उंची वाढवण्यात यावी. किती, ते ठरावात नव्हतं. दुसऱ्यांपेक्षा जास्त, एवढं सगळ्यांना कळलं.

पट्टीचं म्हणणं होतं की प्रत्येक खांब खालच्यात निदान पंधरा सेंटीमीटर अडकलेला राहावा, नाहीतर जोड डुलतो. कॅप्टनने ते चारवर आणलं. कॅप्टन संघाचा प्रमुख आणि रोबोट चालवणारा. आकडे त्याला आवडत, फक्त मोठे. पाच जोडांत त्याने पंचावन्न सेंटीमीटर कमावले आणि सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता प्रश्न असा, की दोन महिने जो रोबोट रोज अडीच मीटर उंच होऊन दाखवत होता, तो मंगळवारीच का पडला. त्याचं उत्तर शिपाईकाकांकडे होतं.

“काका, तुम्ही याला हात लावलात का?” सरांनी विचारलं.

“याला नाही. शिकंजा तेवढा काढला.”

“कुठला शिकंजा?”

“टेबलाला आवळलेला. हत्यारं जागच्या जागी ठेवा, अशी पाटी तुम्हीच लावलीय सर. दोन महिने वाट बघितली, कोणी ठेवेना. म्हटलं, आपणच ठेवू.”

पहिल्या दिवशी भोकं पाडताना रोबोट हलू नये म्हणून कोणीतरी तो शिकंज्याने, म्हणजे स्क्रूने आवळायच्या पकडीने, टेबलाला पक्का केला होता. मग तो तसाच राहिला. त्यावर मापं घेतली गेली, बाईंना प्रात्यक्षिक दाखवलं गेलं, शाळेचा व्हिडिओ निघाला. व्हिडिओत त्या जागी शाळेचं बोधचिन्ह असलेलं कापड लावलं होतं, दिसायला बरं म्हणून. सगळ्यांच्या हिशेबात रोबोटचं वजन बारा किलो होतं. खरं तर त्यात एक टेबल धरायचं राहिलं होतं.

“टेबल घेऊन जाऊ मग,” कॅप्टन म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

पट्टीने बुधवारी रोबोट जमिनीवर ठेवला आणि एकेक खांब वर काढत मोजत गेली. एकशे पस्तीसपर्यंत तो धक्के मारले तरी उभा राहत होता. त्यापुढे पंख्याचा वाराही त्याला जड जात होता. तिने आकडा फळ्यावर लिहिला.

“दांडा एकशे दहाचा आहे. आपल्याला पुरून उरतं.”

“पट्टे, फलक छापून आलाय,” सर म्हणाले. “‘सर्वांत उंच’ असं आहे त्यावर. बाईंनी पाहुणे बोलावलेत.”

“फलक उंच लावा.”

“तोंड सांभाळ.”

मग सरांनी तिच्यापुढे तपासणीचा अर्ज ठेवला. स्पर्धेच्या कारभाऱ्यांचा नियम होता की रोबोट ज्याने आखला त्यानेच सही करायची. वाक्य छापील होतं: ‘हा रोबोट खाली नोंदवलेल्या उंचीवर कोणत्याही आधाराविना स्थिर उभा राहतो.’ आकड्याची जागा सरांनी आधीच भरली होती. दोनशे पन्नास.

“खोटं आहे हे.”

“मनोरा तुझा, म्हणून सही तुझी. नाहीतर संघ बाद. आठ जणांचं वर्ष तुझ्या एका सहीपायी जाईल, बघ.”

अर्ज घेऊन ती घरी आली. तिचा मामा बांधकामावर क्रेन चालवायचा आणि बुधवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा. आईने ताटं वाढेपर्यंत मामाने अर्ज दोनदा वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली.

“खाली वजन किती?”

“बारा.”

“आणि अडीच मीटरवर कड्या किती धरणार?”

“तीन.”

“वाऱ्यावर सोडलंय म्हण की. उभं कोण राहतं बाजूला?”

“कॅप्टन. आणि एक पंच, हातभर अंतरावर.”

मामाने अर्ज घडी करून तिच्यापुढे सरकवला. “आमच्या केबिनमध्ये तक्ता असतो. किती लांबीवर किती वजन. साहेब म्हणतो, एवढ्यानं काय होतंय, उचल.”

“मग तू काय करतोस?”

“भांडत नाही मी. खाली उतरतो आणि किल्ली त्याच्या हातात देतो. आजवर एकही साहेब वर चढला नाही.”

“हिला असलं काही शिकवू नकोस,” आई आतून म्हणाली. “शाळेतून काढतील.”

“मला नाही काढलं अजून.”

गुरुवारी पट्टीने कार्यालयातून कोरा अर्ज मागून घेतला. त्यात एकशे पस्तीस लिहिलं आणि सही केली. मग वरचे दोन खांब तिने बोल्ट घालून जागीच बंद केले आणि खालच्या तीन जोडांत खांब पंधरा सेंटीमीटर आत अडकून राहतील असे अडथळे बसवले. सरांना तिने नवा अर्ज दिला. सरांनी तो न वाचता फायलीत ठेवला. सही आहे एवढं त्यांनी पाहिलं.

शनिवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी तपासनीसबाईंनी रोबोट जमिनीवर उभा करायला लावला, पूर्ण वर काढायला सांगितला आणि बोटाने चारही बाजूंनी ढकलला. तो हलला नाही. त्यांनी मापलं, एकशे पस्तीस. अर्जावर शिक्का बसला. सरांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

“हे काय केलंस?”

“पास केला.”

पहिल्या दोन फेऱ्यांत रोबोटने सगळ्या कड्या अडकवल्या आणि संघ दुसऱ्या क्रमांकावर गेला. प्रेक्षकांत ‘सर्वांत उंच’ या फलकाखाली बाई पाहुण्यांसह बसल्या होत्या. पलीकडच्या शाळेचा रोबोट एकशे ऐंशीचा होता. पाहुण्यांपैकी एकाने बाईंच्या कानात काहीतरी विचारलं. बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांना तेवढं पुरलं.

बारा वाजता पट्टी पाणी पिऊन परत आली तेव्हा कॅप्टनच्या हातात पाना होता आणि टेबलावर दोन बोल्ट.

“फोटोपुरतं,” तो म्हणाला. “कड्या लावून झाल्या की शेवटचे दहा सेकंद. सरांनी सांगितलंय.”

“माझी सही एकशे पस्तीसची आहे.”

“कोण बघतंय सही?”

तिने बोल्ट उचलले तेवढ्यात त्यांच्या संघाचा पुकारा झाला. रोबोट घेऊन कॅप्टन रिंगणात गेला. सर हसऱ्या चेहऱ्याने मोबाइल तयार ठेवून उभे राहिले. पट्टी बोल्ट मुठीत धरून तपासनीसांच्या टेबलाकडे चालत गेली.

“माझा अर्ज परत द्या,” ती म्हणाली. “सही मागे घ्यायची आहे.”

“फेरी सुरू झालीय, बाळ. कारण?”

“वरचे खांब बंद ठेवणारे बोल्ट काढलेत,” म्हणत पट्टीने ते टेबलावर ठेवले. तपासनीसबाईंनी ते पाहिले, चष्मा लावला आणि फायलींचा गठ्ठा पुढे ओढला. अर्ज वरून अकरावा निघाला. फेरी थांबवायला पंचांपर्यंत जायचं तर मधे दोन रांगा खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर पालक होते आणि पालक उभे राहून फोटो काढत होते.

बारा वाजून चार मिनिटांनी फेरीचे सात सेकंद उरले होते. मनोरा एकशे नव्वदवर होता आणि दोरी अजून गुंडाळली जात होती.