सगळ्यांत कमी धूळ

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे टापटीपराव म्हणतात. म्हणोत बापडे. पटाशी वापरून झाली की पुसून फडक्यात गुंडाळणार, शेजाऱ्यांची शिडी आणली तर परत देताना धुऊन देणार. या टापटिपीचं मला कौतुकच होतं. तिची कधी धास्ती वाटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

हे फर्निचरच्या कारखान्यात काचपेपरच्या मशीनवर आहेत. लाकूड घासून गुळगुळीत करायचं काम. मशीन सुरू झालं की पिठाच्या गिरणीसारखी धूळ उडते, पलीकडचा माणूस दिसत नाही. माझे सासरेही त्याच मशीनवर होते. आधी त्यांची एक नाकपुडी बंद झाली, मग रक्त यायला लागलं, आणि "सर्दी आहे, जाईल" म्हणता म्हणता तेच गेले. शेवटी त्यांचं सगळं मीच केलं. ह्यांना त्या खोलीत पाच मिनिटं बसवत नसे.

आणि आता ह्यांचीही एक नाकपुडी बंद झाली. झोपेत तोंड उघडं, सकाळी उशीवर तपकिरी डाग. मी म्हटलं, दवाखान्यात चला. हे म्हणाले, "सर्दी आहे, जाईल." शब्द तेच, म्हणायची तऱ्हाही तीच.

तेवढ्यात कारखान्यात धूळ मोजणाऱ्या बाई येणार असं कळलं. प्रत्येकाच्या कमरेला एक छोटा पंप, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत, आणि कॉलरला एक डबी. माणूस जी हवा नाकात घेतो तीच डबीत ओढली जाते, आतल्या पांढऱ्या चकतीवर धूळ बसते. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची. धूळ जास्त निघाली तर मालकाला ती ओढून घेणारी यंत्रं बसवावी लागणार आणि सगळ्यांची तपासणी करावी लागणार.

ह्यांनी लगेच पैज लावली. "जास्त निघाली तर मुकाट्याने दवाखान्यात येतो. कमी निघाली तर तू पुन्हा विषय काढायचा नाही."

मी कबूल झाले. तराजू काही सासऱ्यांसारखा हट्टी नसतो, असं मला वाटलं. मोजणी होऊन गेली आणि मी जीव मुठीत धरून निकालाची वाट बघत बसले.

निकाल आला त्या संध्याकाळी मी मोरीत ह्यांचेच कपडे धूत होते. हे दारातूनच ओरडले, "सगळ्यांत कमी धूळ कोणाची? माझी! खोकी बांधणाऱ्याचीसुद्धा माझ्यापेक्षा जास्त. बाई चक्रावल्याच. म्हणाल्या, तुमचं पुन्हा मोजू. मी म्हटलं, कशाला? आपलं काम स्वच्छ असतं."

खरं तर मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण समोरच्या बादलीतलं पाणी चहासारखं झालं होतं, आणि तळाशी बोटभर गाळ. एवढं कपड्यांवर बसतं, मग डबीत का नाही? मला भीती वाटायला लागली, मोजणीच्या आधी वाटत होती त्याहून जास्त.

"डबी लावली होती ना नीट?"

"म्हणजे काय! उलट बाकीच्यांनी नुसती लटकवली. लोकांची वस्तू, आत पांढरीशुभ्र चकती, अशी मळवायची असते का? मी मशीन सुरू करायच्या आधीच तिला रुमाल बांधला. चांगला घट्ट. काम संपल्यावरच सोडला. परत दिली तेव्हा कोरी करकरीत होती डबी."

माझ्या हातातला शर्ट बादलीत पडला. "कुठला रुमाल?"

"कुठला म्हणजे? नाकाला बांधतो तोच. दुसरा कुठे असतो माझ्याकडे?"

"आणि मग त्या दिवशी नाकाला काय बांधलं होतं?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मग त्यांनी उजव्या नाकपुडीवर बोट दाबलं, तोंड मिटलं आणि श्वास घेऊन पाहिला. छाती हललीच नाही. पुन्हा जोर लावला. कान लाल झाले, गळ्याची शीर फुगली, तरी हवेचा सूंसुद्धा आवाज आला नाही. बोट काढलं तेव्हा ते पळून आल्यासारखे धापा टाकत होते.

भिंतीला टेकून ते मोरीच्या उंबऱ्यावरच बसले, ओल्यात. स्वच्छ पँट घातली होती, तरी बसले.

"बाबांची कुठली बाजू होती गं?"

क्षणभर वाटलं, खोटं सांगावं. पण खोट्या मोजमापाने काय होतं ते समोर दिसतच होतं. मी पदराला हात पुसले.

"डावीच," मी म्हटलं. "उठा. चपला घाला."