सातवं फूल

मेलानियाने जिन्यात उभं राहून तिसऱ्यांदा बोटांवर फुलं मोजली. सहाच भरली.

"यारिना, आधी खाली उतर!"

शिडीवरची चित्रकार यारिना काचेवरचे डाग पुसत राहिली. खिडकीच्या रंगीत काचांतलं फुलांचं झाड तिने जुन्याच रीतीचं घेतलं होतं, पेत्रिकिव्का गावात घरोघरी भिंतींवर रंगवलेलं असतं तसं. फक्त पाकळ्या लालभडक काचेच्या तुकड्यांच्या केल्या होत्या. मेलानियाला ते आवडलंही होतं. पण सम आकड्यात फुलं मेलेल्यालाच वाहतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हे तर प्रसूतिगृह. पोटुश्या बाया पायऱ्या चढताना काय काय मोजतात, हे तीस वर्षं इथे दाई असलेल्या मेलानियाला कुणी शिकवायला नको होतं.

"कागदावर सात होती. सातव्याच्या जागी साधी काच? आकाश दिसतंय तिथून!"

"दिसू दे, मावशी."

"दिसू दे काय! दहाला मोठे डॉक्टर येतील, ते आधी फुलंच मोजतील. अख्खी खिडकी उतरवायला लावतील. लाल काच संपली का तुझी?"

"संपली नाही." यारिना खाली उतरली. हात पुसता पुसता तिने पायऱ्यांकडे पाहिलं. "अकरा वर्षांपूर्वी याच जिन्याने मी रिकाम्या हातांनी उतरले. माझं कोपर तुम्ही धरलं होतंत."

मेलानियाला आठवेना. तिने डोळे बारीक करून तो चेहरा पुन्हा पाहिला. किती जणींची कोपरं धरली होती तिने! तिला स्वतःची लाज वाटली. खाली मोटारीचं दार वाजलं.

ती दुखरे गुडघे सांभाळत वर धावली. दायांच्या खोलीतली जिरेनियमची कुंडी छातीशी धरून परतली आणि साध्या काचेपुढे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. कुंडीत एकच लाल गेंद फुलला होता.

डॉक्टर मोजत मोजतच चढले. "पाच, सहा..." ते थबकले. "...सात. हं. ही कुंडी कशाला?"

"चित्रातलीच आहे ती," मेलानिया म्हणाली. "पाणी मी घालणार."

डॉक्टर मान हलवून वॉर्डात गेले. यारिना शिडी मिटू लागली.

"तारीख कोणती होती गं?" मेलानियाने हळूच विचारलं.

"चौदा मार्च."

"त्या सकाळी ये. तासभर कुंडी मी खाली उतरवून ठेवीन. सहाच फुलं राहतील."